राखीव मोटर

"तुमची पत वाईट आहे असं नाही, ताई," बँकेतला कुलदीप ऐनापुरे म्हणाला. "वाईट असती तर काहीतरी वाट काढता आली असती. तुमची पतच नाहीये."

वनिता लोहार मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरून बसली होती. पिशवीत आधार कार्ड, दुकानाचं लायसन, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि घरभाड्याच्या सहा वर्षांच्या पावत्या होत्या. तिनं सकाळपासून तीनदा मोजून घेतल्या होत्या.

"म्हणजे कुणाचं एक पैशाचं देणं नाही, हे वाईट झालं?"

"यंत्राच्या दृष्टीनं तुम्ही अजून जन्मलाच नाही," ऐनापुरे ओशाळं हसला.

तासगावच्या स्टँडमागं वनिताचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटरीतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यांवर वेढे घालून भरायची, व्हार्निश पाजायचं, सुकवायचं आणि पुन्हा विहिरीवर पाठवायची, हे काम. सहा वर्षांपूर्वी नवरा दिलीप अचानक गेला आणि दुकान तिच्या अंगावर पडलं. लायसन अजून त्याच्याच नावावर होतं. गिऱ्हाईक सगळं द्राक्षबागायतदार. बेदाणा विकला की वर्षाचा हिशेब एकदम आणि रोख मिळायचा. दिलीपला कर्ज काढण्याचा तिटकारा होता, तोच तिनं पुढं चालवला. बँकेशी संबंध फक्त नोटा सुट्ट्या करून घेण्यापुरता.

आता भाड्याच्या दोन खोल्या मालकानं विकायला काढल्या होत्या. गावाच्या कडेला एका निवृत्त शिक्षकांचं छोटं बैठं घर होतं. ते घर गुरुजींनी तिच्यासाठी दत्तजयंतीपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं होतं. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. आणि ऑक्टोबर उजाडला होता.

"एक उपाय आहे," ऐनापुरे म्हणाला. त्यानं टेबलावरचा पडदा तिच्याकडं वळवला. "आमच्याकडं या वर्षीपासून 'निर्धास्त' आलंय. तुमच्यासारख्यांसाठीच. तुम्ही काय फेडलं हे ते बघत नाही. लोक तुमच्याबाबत किती निर्धास्त आहेत, ते मोजतं."

"आणि ते कसं मोजणार? विचारत फिरणार घरोघर?"

"विचारलं तर लोक गोड बोलतात. म्हणून विचारत नाही."

त्यानं सांगितलं ते असं. पुण्यातली एक संशोधिका तांब्याची नासाडी कशी टाळता येईल याचा अभ्यास करत होती. तिला एक कोडं पडलं. काही गावांत प्रत्येक शेतकऱ्याकडं एक मोटर चालू आणि एक शेडमध्ये राखीव असते. शेजारच्या गावात मात्र कुणाकडंच राखीव मोटर नसते. पाणी तेच, वीज तीच, पीक तेच. मग फरक कशाचा? शोधता शोधता तिला कळलं की दुसऱ्या गावाजवळ एक भरवशाचा मिस्त्री आहे. माणसाचा ज्याच्यावर विश्वास नसतो, त्याच्यासाठी तो काहीतरी जादा ठेवतो. बस वेळेवर येत नसेल तर अर्धा तास जादा, दूधवाला बेभरवशाचा असेल तर पावडरचा डबा जादा. विश्वास असेल तिथं हा जादा साठा आपोआप आटतो. मग माणसाकडं बघायचंच कशाला? त्याच्याभोवतीच्या लोकांनी किती राखून ठेवलंय, तेवढं मोजलं की झालं.

"पण माझ्या गिऱ्हाइकांच्या शेडात काय आहे, ते तुमच्या यंत्राला कसं दिसणार?"

"विजेच्या मीटरमधून. प्रत्येक मोटर चालू होताना करंट एका ठरावीक पद्धतीनं उसळतो. बोटाच्या ठशासारखं असतं ते, दोन मोटरींचं कधी सारखं येत नाही. आता हे स्मार्ट मीटर सेकंदासेकंदाची नोंद ठेवतात. समजा, एखाद्याची मोटर जळली. दोन तासांत दुसऱ्याच ठशाची मोटर सुरू झाली, म्हणजे त्यानं राखीव ठेवलेली होती. आणि दीड दिवस मीटर गप्प राहून तीच मोटर पुन्हा सुरू झाली, म्हणजे तो माणूस तुमच्यावर निर्धास्त होता. फक्त ज्याचं त्यानं आपलं मीटर बघायला संमती द्यायची. आणि एक, तुमच्या घरचं मीटरही लागेल."

"घरचं कशाला?"

"कर्ज घरासाठी आहे ना. घरातली माणसंही धरतात."

वनिताला मोटर कळत होती. करंट कसा उसळतो हे तिच्या तळहाताला ठाऊक होतं. त्यामुळं तिला हे सगळं चटकन पटलं. पटलं नाही ते एकच: गिऱ्हाइकांपुढं जाऊन संमती मागणं. आजवर तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

तिनं फक्त बाळगोंडा अण्णा पाटलांना फोन केला. अण्णा तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सत्तरीचे, बारा एकर बाग आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. "बघतो मी," एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत तिच्या चौसष्ट गिऱ्हाइकांपैकी एकसष्ट जणांच्या संमत्या बँकेत पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं एक टेम्पो येऊन उभा राहिला. मागं ताडपत्री. अण्णा पुढच्या सीटवरून उतरले, इकडंतिकडं बघितलं आणि ताडपत्रीचं टोक उचललं. आत सात मोटरी होत्या.

"या कशाच्या, अण्णा? इतक्या एकदम जळल्या?"

"हळू बोल की!" अण्णा त्यांच्या परीनं कुजबुजले, स्टँडवरची चार माणसं वळून बघायला लागली. "आमच्या पट्ट्यात ज्याच्या ज्याच्याकडं जादाची मोटर हाय, ती गोळा करून आणलीया. तुझं कर्ज होईस्तवर ठेव तुझ्याकडं. बँकवाले बघायला आले तर शेडात काय घावाय नको."

वनिताला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, ते शेडात बघत नाहीत. मागच्या सहा वर्षांचं मीटर बघतात. ते कुठं लपवणार?"

अण्णांचा चेहरा पडला.

"मग माझी पण दिसंल व्हय?"

"तुमची कुठली?"

त्यांनी एका खोक्याकडं बोट केलं. खोकं कंपनीचं होतं, पट्ट्यासुद्धा न तोडलेलं. "दिलीप गेला त्या साली घेतली. म्हटलं, आता ह्या पोरीच्यानं काय दुकान चालतंय! घेतली खरी. मग तू पहिली मोटर भरून दिलीस, आठला म्हणालीस आणि आठला दिलीस. तवापासनं ह्या खोक्याकडं बघायची लाज वाटती बघ. बायको विचारती, विकत का नाही? काय सांगू तिला?"

"चालू केलीच नाही कधी?"

"एकदाबी नाही."

"मग ती दिसायची नाही," वनिता म्हणाली. "चहा घ्या आणि सगळ्या मोटरी परत घेऊन जा. खोटं काही नको."

चार दिवसांनी ऐनापुरेनं बोलावलं. त्याचा चेहरा बघून काय ते तिला कळेना. एकाच वेळी तो खूशही दिसत होता आणि अवघडलेलाही.

"शेतांचा आकडा ब्याण्णव आलाय. आमच्या शाखेत इतका कुणाचाच नाही. एक डॉक्टर आहेत, त्यांचा एकोणऐंशी आहे."

"मग?"

"घरचा चौतीस आलाय. दोन्ही मिळून त्रेसष्ट. मंजुरीला पंच्याहत्तर लागतात."

वनिताला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. घरात ती आणि तिची मुलगी ओवी, दोघीच. ओवी बारावीला. सालस, अभ्यासू, कधी उलटून बोलणार नाही. "माझ्या घरात माझ्याविरुद्ध कोण बोललं?"

"कुणी बोललं नाही, ताई. मीटर." त्यानं पडद्यावर एक रेघ दाखवली. "ही तुमची विजेची शेगडी. रोज संध्याकाळी सव्वासातला लागते, वीस मिनिटं. मग बंद. पुन्हा आठ, साडेआठ, कधी नऊला लागते. तुम्ही घरी पोचता तेव्हा. चार वर्षं, जवळजवळ रोज."

वनिता रेघेकडं बघत राहिली. रोज ती घरी जायची, ओवी पुस्तक मिटून म्हणायची, "आलीस? थांबले होते." मग ती भाकऱ्या थापायची. ओवी एकच भाकरी खायची. वनिता म्हणायची, पोरीचं खाणंच कमी आहे. ओला तवा तिनं कितीदा पाहिला होता!

"पोर रोज दोनदा जेवते," ती स्वतःशीच म्हणाली.

ऐनापुरेनं पडदा पुन्हा आपल्याकडं वळवला. "एक सोय आहे. घरचं मीटर वगळता येतं. तुमची आणि मुलीची सही हवी. मग नुसते ब्याण्णव धरले जातील. उद्याच मंजुरी."

त्या दिवशी वनिता सातला दुकान बंद करून निघाली. दार ढकललं तर आत फोडणीचा वास. ओवी शेगडीपुढं उभी होती. हातात चमचा, कढईत बटाट्याची भाजी.

"आज लवकर आलीस?" ओवी म्हणाली. चोर पकडला जावा तसा तिचा चेहरा झाला होता.

"छान वास येतोय," वनिता म्हणाली. "वाढ."

भाजी सुरेख झाली होती. तिच्या स्वतःच्या भाजीपेक्षा सरस, हेही तिनं मनात कबूल केलं. जेवता जेवता तिनं सगळं सांगितलं. ब्याण्णव, चौतीस, सव्वासातची रेघ. ओवी ताटात बोट फिरवत राहिली.

"तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही," ती शेवटी म्हणाली. "तू एवढी दमून येऊन माझ्यासाठी करतेस. मी जेवले म्हटलं असतं तर तू स्वतःसाठी केलंच नसतंस. चहा पिऊन झोपली असतीस."

ते तंतोतंत खरं होतं.

"कागद आण. मी सही करते," ओवी म्हणाली. "घर तर मिळेल."

"नाही."

"अगं, का?"

"घर घ्यायचं आणि त्यासाठी घरच वगळायचं? मला नाही जमायचं. पुन्हा मोजायला सांगते. मी आता रोज सातला येणार."

ऐनापुरेनं समजावून पाहिलं. नवं मोजमाप पंचेचाळीस दिवसांचं, त्यात शेतांचा आकडा घसरला तर दोन्हीकडून जाल, वरून दत्तजयंती. वनिता म्हणाली, मोजा.

ऑक्टोबर छाटणीचा काळ. बागांना पाणी वेळेवर लागतं आणि मोटरी नेमक्या तेव्हाच जळतात. वनिता पावणेसातला शटर ओढायला लागली. लोक यायचे, बंद दार बघून परत जायचे. कुणी काही बोललं नाही, पण पाचव्या दिवशी साडेसहाला अण्णांचा फोन आला. मोटरीचं बेअरिंग जाम झालं होतं. तासाभराचं काम.

"उद्या सकाळी बघते, अण्णा."

अण्णांचा आवाज फोनवर पहिल्यांदाच हळू आला. "बरं, बरं. मग ते खोकं फोडतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं.

घरी आली ती धुसफुसत. शेगडी गरमच होती. ओवीनं आज सव्वासातच्याही आधी भाजी टाकली होती.

"मी सातला येते म्हटलं होतं ना? मग कशाला केलंस?" वनिता कडाडली. "तुझ्यासाठी मी अण्णांना नाही म्हटलं आज. सहा वर्षांत पहिल्यांदा."

"कुणी सांगितलं तुला सातला यायला?" ओवीही भडकली. असं तिनं कधी केलं नव्हतं. "मी म्हटलं का, लवकर ये? अण्णांना तू काय सांगतेस? 'आठला देते.' आणि आठला देतेस. मला काय सांगतेस? 'येतेच.' 'आलेच.' 'निघालेच बघ.' बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. 'येतेच' म्हणजे किती, हे मला कळायचं नाही. मी दारात बसून राहायचे. त्यांना तू वेळ सांगतेस, आई. मला कधी वेळ सांगितलीच नाहीस."

वनितानं फोन उचलला.

"अण्णा, खोकं फोडलं का?"

"कातर शोधतोय."

"ठेवा कातर. मोटर घेऊन दुकानात या. पावणेनऊला चालू करून देते." फोन बंद करून ती ओवीकडं वळली. "मी सव्वानऊला घरी येईन. सव्वानऊ."

ती नऊ वाजून बारा मिनिटांनी आली. ओवी जेवून बसली होती. विश्वास काही बेअरिंग नव्हे, तासाभरात बदलून मिळायला.

त्यानंतर ती रोज दुपारी ओवीला वेळ कळवायला लागली. कधी साडेसात, कधी नऊला पाच कमी. मनासारखी वेळ नाही, तर खरी वेळ. त्यासाठी तिला आधी कामाचा अंदाज नीट बांधावा लागला. अमक्या कॉइलला किती तास, व्हार्निश सुकायला किती, हे ती आता पाटीवर मांडू लागली आणि तिला आढळलं की गिऱ्हाइकांनाही ते आवडतंय. एकदा तर येलूरकरांनी मोटर टेकवता टेकवता विचारलं, "वहिनी, ओवीला कितीची वेळ दिलीय? त्याच्या आत बसतंय का बघा, नाहीतर मी उद्या येतो." अण्णांनीच पट्टाभर बातमी केली असणार.

शेगडी मात्र सव्वासातला लागतच होती. दहा दिवस, पंधरा दिवस. वनिता रोज वेळेवर पोचायची, रोज तवा ओला असायचा. तिनं विचारायचं सोडून दिलं.

विसाव्या दिवशी तिनं आठ दहा सांगितलं होतं. आठला सात मिनिटं असताना ती दारात पोचली. ओवी जमिनीवर वह्यांच्या पसाऱ्यात बसली होती, केस विस्कटलेले, तोंड आंबट. तिनं मान वर केली आणि वैतागून म्हणाली,

"आई, किती भूक लागलीय! कर ना लवकर काहीतरी!"

वनिताची पिशवी हातातून खाली पडली. शेगडी थंड होती. तवा कोरडा. कढई फळीवर पालथी.

"काय झालं?" ओवीनं विचारलं.

"काही नाही," वनिता म्हणाली. तिला जोरात ओरडावंसं वाटत होतं. "पिठलं करू?"

"काहीही कर. पण कर."

त्या दिवशी ओवीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पंचेचाळीस दिवस भरले तेव्हा दत्तजयंतीला आठवडा उरला होता. ऐनापुरेनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडद्याकडं न बघताच म्हणाला, "शेतं एक्क्याण्णव. घर एकाहत्तर. मिळून एक्क्याऐंशी. अभिनंदन, ताई! गुरुजींना आजच कळवा."

वनितानं गुरुजींना तिथूनच फोन लावला. बोलताना तिचा आवाज अण्णांइतका मोठा झाला आणि रांगेतली माणसं हसायला लागली.

"आणखी एक पान आहे," ऐनापुरे कागद पुढं सारत म्हणाला. "मी मागितलं नव्हतं. घरचं मीटर मोजताना यंत्र दोन्ही बाजूंनी मोजतं, म्हणून आपोआप आलं. तुमच्या मुलीबाबत तुम्ही किती निर्धास्त आहात, त्याचं."

कागदावर फारसं काही नव्हतं. सकाळी सहाला नळाचं पाणी येतं तेव्हा खालच्या टाकीची मोटर सहा वर्षं रोज सुरू झाली आहे. तिला कधी टायमर लावलेला नाही. आई त्या वेळी घरात नसते. बंद करायला कधी परत आलेली नाही. घराबाबत आईनं काहीही राखून ठेवल्याची एकही खूण नाही. शेवटी आकडा होता: शंभर.

वनितानं तो कागद दोनदा वाचला. अकरा वर्षांच्या पोरीच्या हाती घर टाकून ती पहाटे दुकानात जात होती आणि सहा वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की पाणी भरलं असेल का. चौसष्ट शेतकऱ्यांना ती वेळेवर मोटर देत आली, ते कुणाच्या जिवावर, हे आज कळलं.

"शंभर मी अजून कुणाचे बघितले नाहीत," ऐनापुरे म्हणाला. "उद्या तिनं कर्ज मागितलं तर मी विचारणार नाही कशाला हवंय."

बँकेबाहेर ओवी सायकल घेऊन उभी होती. आईचा चेहरा बघून तिनं निकाल ओळखला आणि भर रस्त्यात एक उडी मारली. मग हातातल्या कागदाकडं तिचं लक्ष गेलं.

"हे काय? माझं नाव दिसतंय. माझेही मोजले? किती आले?"

"पास झालीस," वनिता म्हणाली आणि कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये खोचली. "चल, गुरुजी चारला वाट बघतायत. चार म्हणजे चार."

ओवीनं सायकल वळवली. वनिता आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या मागं कॅरिअरवर बसली. रस्ता उताराचा होता आणि ओवीनं ब्रेकला हातही लावला नाही, तरी वनितानं मागून काहीसुद्धा धरलं नव्हतं.